सगळ्यांत कमी आवाजाचा राउटर

हत्यारांच्या दुकानात जाऊन "सगळ्यांत कमी आवाजाचा राउटर द्या" असं म्हणणारा माणूस एक तर अगदी भोळा असतो, नाहीतर त्याच्या घरात कोणीतरी आजारी असतं. हळूकाकांच्या बाबतीत दोन्ही खरं होतं.

हळूकाका हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, हे काही सांगायला नको. छत्तीस वर्षं ते वाचनालयाच्या वाचनकक्षात दाराशेजारच्या टेबलामागे बसले. कोणी खुर्ची ओढली, की "हळू." कोणाची छत्री पडली, की "हळू." दोघं जण कुजबुजले, तरी "हळू." शेवटी वाचकांनी तो शब्द त्यांनाच चिकटवून टाकला. एकदा म्हणे वाचनालयाच्या अध्यक्षांनाच खोकल्याची उबळ आली, तर यांनी त्यांनाही बोटानं दार दाखवलं. आता बोला! पण कान मात्र विलक्षण तिखट. मासिकातलं पान कोणी चोरून फाडायला घेतलं, की तो आवाज यांना पाचव्या रांगेतून यायचा आणि पान सुटायच्या आत हे तिथे हजर.

असा माणूस संध्याकाळी घरी यायचा तो थेट खडखडाटात. त्यांची बायको घरी शिवणकाम करायची. शाळांचे गणवेश, पडदे, अभ्रे, कोणाच्या पँटची उंची कमी कर, कोणाची वाढव. पायानं चालवायचं जुनं मशीन. घर म्हणजे दोन खोल्या आणि मागे एक अडगळीची. मशीनच्या आवाजापासून लपायला जागाच नव्हती. लोक विचारायचे, "काका, दिवसभर एवढ्या शांततेत बसता, घरी आल्यावर डोकं नाही उठत?" काका म्हणायचे, "अहो, ते मशीन थोडंच आहे, ती आहे." विचारणाऱ्याला काही कळायचं नाही, आणि काकांनाही जास्त समजावून सांगायची हौस नव्हती.

गंमत अशी, की मशीन चालू असताना ते निवांत पुस्तक वाचायचे आणि मशीन थांबलं, की त्यांचं वाचन थांबायचं. मग बाहेरच्या खोलीतून हाक, "झालं का गं?" आतून उत्तर, "कुठलं! दोरा तुटलाय." नाहीतर "सुई मोडली." नाहीतर, दिवसातून एकदाच, "झालं. चहा ठेवते." चौतीस वर्षांच्या संसारात या दोघांनी जेवढं संभाषण केलं, त्यातलं निम्मं हेच असेल. भांडणंसुद्धा अशीच मिटायची. दोन दिवस अबोला, मग दोरा तुटायचा, हाक जायची, उत्तर यायचं, संपलं भांडण.

मग काका निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत काकूंची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, चार-चार तास डायलिसिस. पायातली ताकद गेली, मशीनचं पायडल दाबवेना. मशीनवर एक चादर पडली ती पडलीच.

बसून राहणं काकूंच्या स्वभावात नव्हतं. बिस्किटांच्या जुन्या डब्यात त्यांनी आयुष्यभराची बटणं साठवली होती. ती त्या पलंगावर बसून निवडायच्या. चार भोकांची वेगळी, दोन भोकांची वेगळी, काळी वेगळी, शिंपल्याची वेगळी. सगळी निवडून झाली, की पुन्हा डब्यात ओतायची आणि पुन्हा सुरुवात. त्यासाठी काकांनी एक घडीचं लोखंडी टेबल आणलं होतं, पलंगावर मांडायचं. पण त्याची कड धारेची. आणि काकूंची कातडी अशी झाली होती, की नुसता हात टेकला तरी काळंनिळं उठायचं. मनगटावर आडव्या निळ्या रेघा उमटल्या. काकू हात पुढे करून म्हणाल्या, "बघा, फुकटात बांगड्या झाल्या."

काका हसले नाहीत. कडेला त्यांनी कापड गुंडाळलं, ते निसटलं. फोम चिकटवला, तो उखडला. तेव्हा त्यांनी ठरवलं, की आपण लाकडाचं मेज करायचं, गोल कडांचं.

म्हणजे अगदीच आकाशातून पडलेला विचार नव्हता हा. निवृत्तीनंतर त्यांनी अडगळीच्या खोलीत सुतारकामाचा नाद सुरू केला होता. करवत, रंधा, दोन पटाश्या, एक शिकंजा. तयार माल म्हणाल तर एक पुस्तकांची मांडणी, तीही डावीकडे कललेली. काकू म्हणायच्या, "तीही कान देऊन ऐकतेय, तुमच्यासारखी." रंध्यानं कड गोल करायचा त्यांनी प्रयत्न केला, पण एक टोक अंड्यासारखं झालं आणि दुसरं विटेसारखं राहिलं. वाचनालयाची कपाटं केलेले एक मिस्त्री ओळखीचे होते. त्यांनी ती फळी हातात घेतली, इकडून तिकडून फिरवली आणि म्हणाले, "काका, रंध्यानं होतं हे. पण तुमच्यानं नाही व्हायचं. राउटर घ्या, कडा कोरायचं विजेचं यंत्र. त्याला गोलाईचं बिट, म्हणजे पातं लावा, कडेनं फिरवा, झालं काम."

"कुठला घेऊ?"

"पाव इंची घ्या. बिटाचा दांडा जिथे बसतो ना, त्याचं माप ते. अर्धा इंची म्हणजे रेडा आहे नुसता, तुम्हालाच ओढत नेईल."

एवढं ऐकून दुसरा कोणी दुकानात गेला असता. पण काका पडले वाचनालयाचे. त्यांनी कार्डं केली! पुस्तकांच्या सूचीची असतात तशीच, वरच्या कोपऱ्यात क्रमांक घातलेली. प्रत्येक राउटरचं एक कार्ड. ताकद किती, वजन किती, पाव इंची का अर्धा, बैठक एकाच जागी पक्की का वरून दाबून लाकडात उतरवता येणारी, वेग कमीजास्त करता येतो का नाही. आणि सगळ्यांत खाली, लाल शाईनं, एक रकाना: आवाज. तो रकाना बहुतेक कार्डांवर कोराच होता, कारण कुठल्याच माहितीपत्रकात कोणी तो धड लिहीत नाही. पण काका कोणाकोणाला फोन करून विचारत. "किती आवाज करतो हो?" पलीकडचा माणूस म्हणायचा, "राउटर आहे काका. करणारच."

तीन आठवडे हे चाललं. पलंगाच्या एका अंगाला काकूंची बटणं, दुसऱ्या अंगाला काकांची कार्डं. काकू एखादं कार्ड उचलून डोळ्यांजवळ धरायच्या.

"अहो, कापड काय वर्णन वाचून घेतात का? दुकानात जा, हातात धरून बघा."

"जाणार आहे. आधी नीट अभ्यास नको?"

"आवाज कसा असतो याचा?"

"तीच तर काळजी आहे."

"काळजी कसली? मला उलट—"

"तू नको डोक्याला ताप करून घेऊ. तुला झोप महत्त्वाची. मी बघतो," काका म्हणाले आणि त्यांनी कार्डं गोळा केली.

काकूंचं वाक्य तिथंच राहिलं. पाचव्या रांगेतलं पान फाटलेलं ऐकणाऱ्या माणसाला समोर बसलेल्या बायकोचं अर्धं वाक्य ऐकू आलं नाही. काय म्हणावं याला! पण तेव्हा त्यांना आपण फार काळजी घेतोय असंच वाटत होतं, आणि घेतही होते बिचारे.

हत्यारांचं दुकान म्हणजे एक लांबट बोळच होता, दोन्ही भिंतींना छतापर्यंत खोकी. गल्ल्यावर म्हातारे शेठ. काकांनी नेहमीच्या आवाजात मागणी केली. शेठ म्हणाले, "काय?"

"कमी आवाजाचा राउटर."

"काय?"

"कमी! आवाज! राउटर!" काका ओरडले. रस्त्यावरची दोन माणसं थांबून आत बघायला लागली. काकांचे कान लाल झाले.

शेठ दिलखुलास हसले. "मला सगळेच शांत वाटतात! तीस वर्षं कानाला काही न लावता चालवले, त्याचं बक्षीस. तुम्ही इअरमफ घ्याच."

मग त्यांनी तीन यंत्रं गल्ल्यावर मांडली. पहिला अर्धा इंची. काकांनी तो दोन हातांनी उचलला आणि लगेच खाली ठेवला. दुसरा पाव इंची, स्वस्त, पण एकच वेग. बटण दाबल्याबरोबर असा किंचाळला, की काका मागच्या खोक्यांवर आदळले. तिसराही पाव इंची, मुठीत मावणारा, डोक्यावर एक ते सहा आकड्यांची चकती. शेठनी चकती एकवर नेली आणि सुरू केला. तो हळूहळू जागा झाला आणि गुरगुरत राहिला. काकांचा चेहरा उजळला. "हाच!"

"थांबा," शेठ म्हणाले. "तीन गोष्टी लक्षात ठेवा. बिट आत तळापर्यंत ढकलायचं नाही. टेकलं की सूतभर वर घ्यायचं, मग आवळायचं. नाहीतर चालता चालता सैल होतं. दुसरं, हे बिट लहान आहे, त्याला वेग लागतो. एकवर ठेवून काम करू नका, पाच-सहावर न्या. आणि तिसरं, हात रेंगाळू देऊ नका. एका जागी घुटमळलात, की लाकूड जळतं. राउटरला हळूपणा सोसत नाही."

काकांनी तिन्ही गोष्टी कार्डावर लिहून घेतल्या. पहिली तंतोतंत पाळली. उरलेल्या दोन्ही कार्डावरच राहिल्या.

खोकं घरी आलं तेव्हा काकूंनी ते मांडीवर घेतलं. शिवणाऱ्या बाईला यंत्र कळतं. तिनं चकती फिरवून बघितली, आतली नळी कशी आवळते ते बघितलं, वजन तोललं. "छान घेतलात हो! चालवून दाखवा ना."

"दाखवतो गं. तू आधी आराम कर."

अडगळीची खोली पलंगाच्या भिंतीला लागूनच. काकांनी दाराला आतून दोन जुन्या रजया ठोकल्या. दुपारी काकूंचा डोळा लागलाय असं बघून एकवर सुरू केला, तर काय, रजयांतूनही भिंत गुणगुणायला लागली. त्यांनी घाबरून बंद केला. दार किलकिलं करून बघितलं, तर काकू डोळे मिटून पडलेल्या. झोपमोड झाली नाही, नशीब! पण असा धोका पुन्हा पत्करायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. मशीन चालवायचं ते ती घरात नसतानाच.

आता ती घरात नसायची कधी? मंगळवारी आणि शुक्रवारी. तोपर्यंत डायलिसिसला तिच्याबरोबर काकाच जायचे. चार तास त्या बाहेरच्या बाकावर बसायचे, मधून मधून काचेतून हात करायचे. आता त्यांनी मेहुणीला सांगितलं, की तू नेत जाशील का? काकूंची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहायची. ती लगेच हो म्हणाली. आणि बायकोला त्यांनी सांगितलं, "त्या बाकावर गुडघे फार दुखतात गं. बसवत नाही."

काकूंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "बरं. नका येऊ."

मेज करतोय हे सांगून ठेवलेलं होतं, म्हणजे गुपित असं काही नव्हतं. फक्त काम कधी चालतं ते त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर गुडघ्याचं खोटं उघडं पडलं असतं. आणि ती म्हणाली असती, "कशाला एवढं? चालवा ना मी असताना." ते त्यांना ऐकायचं नव्हतं. तिच्या भल्याचं आपल्याला जास्त कळतं, हा समज एकदा घट्ट बसला की माणूस कोणाचं ऐकत नाही.

मंगळवारी टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी वळली, की काका खोलीत शिरायचे. फळी शिकंज्यात आवळायची, इअरमफ चढवायचे, आणि चकती? एकवर! अहो, घरात चिटपाखरू नाही, आता तरी न्या की पाच-सहावर! पण नाही. बोट एकच्या पुढे जायला तयार व्हायचं नाही. छत्तीस वर्षांची सवय मनगटात उतरली होती. एकवर बिट लाकूड कापायचं कमी आणि कुरतडायचं जास्त. म्हणून काका अगदी थोडं थोडं घ्यायचे, एका कडेवर पाच-पाच, सहा-सहा वेळा, आणि प्रत्येक वेळी रेंगाळायचे. मग व्हायचं ते व्हायचं. जळका वास यायचा आणि कडेवर तपकिरी डाग उमटायचे. ते पॉलिश पेपरनं घासत बसायचे. घासून कड वाकडी व्हायची, मग पुन्हा राउटर. वरच्या चार कडा आणि खालच्या चार, अशा आठ कडा. एका कडेला दीड-दोन आठवडे लागत होते.

मिस्त्री एकदा डोकावून गेले. त्यांनी ते डाग बघितले आणि कपाळाला हात लावला. "काका, तासाभराचं काम आहे हो हे."

"घाई कुठेय?" काका म्हणाले.

घाई होती. ती फक्त त्यांना ऐकू येत नव्हती.

काकू अधूनमधून विचारायच्या, "कुठवर आलं मेज?"

"चाललंय."

"मला तर कधी काही ऐकूच येत नाही."

"म्हणूनच तर!" काका म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर छाती थोडी फुगवूनच म्हणायचे. काकू मग डब्यातली बटणं हातानं ढवळत राहायच्या. त्या दिवसांत त्यांनी निवडणंही कमी केलं होतं. नुसतंच ढवळायच्या. बटणांचा तेवढाच आवाज घरात व्हायचा.

तिसऱ्या महिन्यातला शुक्रवार. काकूंना त्या दिवशी उठवतच नव्हतं. टॅक्सीत बसताना त्यांनी काकांची बाही धरली. "आज याल?"

सातवी कड अर्ध्यावर होती. सातवी संपली, की एकच राहणार होती. दोन आठवड्यांत तिच्या मांडीवर मेज ठेवायचं, असं काकांनी मनाशी पक्कं केलं होतं. ते म्हणाले, "आज नको गं. पुढच्या मंगळवारी नक्की येतो."

"गुडघे?"

"हो ना."

तिनं बाही सोडली.

काकांनी फळी आवळली, इअरमफ चढवले, चकती एकवर ठेवली. सातवी कड त्यांना त्या दिवशी खरंच बरी जमली. डाग कमी पडले. ते स्वतःवरच खूश होऊन शेवटपर्यंत गेले, थांबले, फुंकर मारली, पुन्हा एकदा फिरवलं. पाऊण तास गेला असेल. मग इअरमफ काढून गळ्यात अडकवले, तर बाहेरच्या खोलीत फोन वाजत होता. ते पोचेपर्यंत तो थांबला. काकांनी उचलून बघितलं. मेहुणीचे नऊ फोन येऊन गेले होते.

हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा मेहुणी बाहेरच्या बाकावर बसली होती. त्याच बाकावर, जिथे यांना बसवत नव्हतं. तिनं मान वर केली आणि काकांना विचारावं लागलं नाही. त्यांच्या गळ्यात इअरमफ तसेच होते. एक नर्स हळूच येऊन ते काढून त्यांच्या हातात देऊन गेली.

नंतरचे दिवस माणसांचे. येणारे येत होते, दबक्या आवाजात बोलत होते. वाचनालयातले जुने वाचक येऊन गेले, तेही कुजबुजत. काकांना पहिल्यांदा त्या कुजबुजीचा राग आला. मोठ्यानं बोला की, असं सांगावंसं वाटलं. अडगळीच्या खोलीत ते गेलेच नाहीत. फळी शिकंज्यात तशीच राहिली, सात कडा गोल आणि एक कोरी.

दोन-अडीच आठवड्यांनी मेहुणी आली. काकूंची हॉस्पिटलमधली पिशवी तिच्याकडे राहिली होती, ती घेऊन. चष्मा, शाल, पाण्याची बाटली. एकेक वस्तू पलंगावर ठेवून झाली, तरी ती उठेना.

"भाऊजी, एक विचारू? राग मानू नका."

"विचार की."

"ते राउटर का काय ते, तुम्ही परत करून टाकलंत का?"

"नाही. का गं?"

मेहुणीनं पदर तोंडाशी नेला. "ताईच्या मनाला फार लागलं होतं ते. टॅक्सीत बसली, की तेच. म्हणायची, किती हौसेनं आणलं गं यांनी, कार्डं काय केली, दुकानं काय पालथी घातली, आणि माझ्या आजारपणापायी बिचाऱ्यांनी खोक्यात घालून ठेवलं. एक दिवस चालवलं नाही. म्हणायची, घर कसं मुकं झालंय. माझं मशीन चालायचं तेव्हा यांना कळायचं मी आहे म्हणून. आता यांचं चाललं, तर पडल्या पडल्या मला कळेल, की हे पलीकडे आहेत. मग झोप लागेल."

काकांनी पलंगावरचा चष्मा उचलून त्याच्या काड्या मिटल्या.

"आणि हसायची मधेच," मेहुणी डोळे पुसत म्हणाली. "म्हणायची, मी ठरवून ठेवलंय. यांचं मशीन थांबलं ना, की या वेळी मी हाक मारणार. झालं का हो, म्हणून. बघू काय उत्तर देतात. दोरा तर नसतो त्याला."

काका उठले. रजया ठोकलेलं दार त्यांनी ढकललं, शिकंजा सोडवला आणि फळी आणून मेहुणीच्या मांडीवर ठेवली. तिनं कडांवरून हात फिरवला. एक, दोन, तीन. कोऱ्या कडेशी येऊन तिचा हात थांबला.

"हे कधी केलंत?"

"मंगळवारी," काका म्हणाले. "आणि शुक्रवारी."

मेहुणीला कळायला एक क्षण लागला. मग ती म्हणाली, "म्हणजे गुडघे—" गुडघ्यांबद्दल ताई टॅक्सीत काय म्हणायची ते तिनं सांगितलं नाही. काकांनीही विचारलं नाही, कारण ते त्यांना आता आपसूक कळलं होतं. बाही धरलेला तो हात आठवला आणि हळूकाका मोठ्यानं, घसा फाटेपर्यंत रडले. शेजारच्या घरातली माणसं दारात आली. कोणी त्यांना "हळू" म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाराच्या रजया उपटून काढल्या. ते दार सताड उघडलं. पलंगावरची चादर सारखी केली. शिवणयंत्रावरची चादर काढून घडी घालून ठेवली. मग फळी आवळली, कोरी कड आपल्याकडे करून. बिट घातलं, सूतभर वर घेतलं, आवळलं. चकतीवर बोट ठेवलं आणि फिरवत फिरवत थेट सहावर नेलं.

राउटर किंचाळला. भांडी थरथरली, खिडकीची काच वाजली, त्या आवाजानं तिन्ही खोल्या भरून गेल्या. काका रेंगाळले नाहीत. डावीकडून उजवीकडे, एका दमात, हात न थांबवता ते शेवटापर्यंत गेले. जेमतेम अर्धं मिनिट लागलं असेल. भुसा त्यांच्या भुवयांवर बसला. कड निघाली ती लोण्यासारखी, एकही डाग नाही. बाकीच्या सात कडा चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या. ही एकटी लाकडाच्या रंगाची होती.

त्यांनी बटण बंद केलं. गिरगिर मंदावत थांबली.

काका हात तसाच कडेवर ठेवून उभे राहिले, उघड्या दारातून पलंगाकडे बघत. तुटलेला दोरा सुईत ओवायला लागतो तेवढा वेळ गेला. मग त्याच्या दुप्पट गेला. कोणी विचारलं नाही.

"झालं गं," हळूकाका म्हणाले, पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.